सोंगट्यांचं मतदान

विदर्भ फिजिशियन मंडळात नवा सभासद घ्यायचा असला की कॅरमच्या सोंगट्यांनी मतदान व्हायचं. ही पद्धत कोणी पाडली हे १९७८ साली कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. धंतोलीत मंडळाचा एक छोटासा हॉल होता, हॉलच्या मागच्या खोलीत कॅरम होता, आणि कधीतरी कोणाच्यातरी डोक्यात आलं असेल की चिठ्ठीवर अक्षर ओळखू येतं, सोंगटीवर कोणाचं नाव नसतं. कार्यकारिणीच्या अकराही जणांना एकेक पांढरी आणि एकेक काळी सोंगटी मिळायची. पडद्यामागे टेबलावर झाकणाला चीर पाडलेल्या दोन सारख्या लाकडी पेट्या ठेवलेल्या असायच्या. एकीच्या झाकणावर ‘मत’ लिहिलेलं, दुसरीच्या झाकणावर ‘उरलेली’. हवी ती सोंगटी मताच्या पेटीत टाकायची, राहिलेली दुसरीत. अकरापैकी नऊ पांढऱ्या पडल्या की माणूस आत. नाही पडल्या तर तीन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही.

डॉक्टर प्रेमिला ढोबळे मंडळाची चिटणीस होती. पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, इतवारीत स्वतःचा दवाखाना, आणि अकरा जणांत बाई ती एकटीच. पेट्या पुसणं, झाकणांवर नवे कागद डकवणं, सोंगट्या मोजून देणं, शेवटी निकाल सांगणं ही सगळी कामं तिची.

मार्चमधल्या त्या रविवारी दुपारी मंडळापुढं एकच अर्ज होता. डॉक्टर चंद्रभान रामटेके यांचा.

चंद्रभानला प्रेमिला कॉलेजपासून ओळखत होती. तो तिच्या दोन वर्षं पुढं. बाप मिलमध्ये कामाला, घर इंदोऱ्यात. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली तेव्हा हा इंटरला होता. प्रेमिला पहिल्या वर्षात असताना त्यानं स्वतःच्या हातच्या शरीररचनेच्या वह्या तिला वापरायला दिल्या होत्या, आणि त्या वह्यांवर ती पास झाली होती. पुढं तो अमेरिकेला गेला. तिथं ज्या कॉलेजानं त्याला जागा दिली ते ऑस्टियोपॅथीचं होतं. इथली डॉक्टरकी पदरात असताना हा माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बसला, मग पुढं मेडिसिनमध्ये तज्ज्ञ झाला, आणि तिथल्या ऑस्टियोपॅथिक फिजिशियन लोकांच्या संघटनेनं त्याला सभासद करून घेतलं. आई एकटी पडली म्हणून पंचाहत्तर साली तो परत आला आणि इंदोऱ्यातच दवाखाना टाकला.

नागपुरात मात्र ऑस्टियोपॅथी म्हणजे काय हेच कोणाला धड माहीत नव्हतं. ‘अमेरिकन हाडवैद्य’ असं कोणीतरी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. चंद्रभान शांतपणे सांगायचा, “सर, औषधं तीच, तपासण्या त्याच. फक्त आम्हाला हात वापरायला जास्त शिकवतात. रोग्याचं अंग हाताला काय सांगतं ते आधी ऐकायचं, मग कागद वाचायचे.”

अर्जावर सूचक म्हणून सही होती डॉक्टर गिरिधर बक्षींची, अनुमोदक म्हणून मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर मधुकरराव पिंपळापुरे यांची. त्या दुपारी दोघंही चंद्रभानबद्दल भरभरून बोलले. मधुकरराव तर म्हणाले, “असा माणूस आपल्यात नसणं ही त्याची नाही, आपली नामुष्की आहे.” टेबलाभोवती माना हलल्या. विरोधात बोलले ते फक्त चंपतराव गावंडे, सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत तोंडाळ.

“मले हे ऑस्टिओ-बिस्टिओ काही समजत नाही,” ते म्हणाले. “उद्या कोनी म्हनंन मी चुंबकानं शुगर बरी करतो, त्यालेही घ्यान काय? त्याचे कागद कोनी वाचले? मी वाचले. तिथं तीन वर्षं मेडिसिन केलं म्हंते. केलं असंन. पन तुमी लोक न वाचताच गोडगोड बोलून राहिले, ते मले खटकते.”

कोणीतरी हसलं. चंपतरावांना नेहमीच काहीतरी खटकायचं.

मग मतदान सुरू झालं. एकेक जण पडद्यामागे जाऊन येत होता. आतून लाकडावर लाकूड पडल्याचे दोन आवाज यायचे, टक आणि टक. सर्वांत शेवटी प्रेमिला गेली.

आता हे सांगायलाच हवं. पडद्यामागे गेल्यावर तिनं काळी सोंगटी मताच्या पेटीत टाकली.

आत जाताना तसा तिचा पक्का बेत नव्हता. पण सहा महिन्यांपूर्वीची एक गोष्ट तिच्या मनात कुसळासारखी रुतून बसली होती. काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची बायको, कांताबाई, वर्षभर तिच्याकडं छातीच्या दुखण्यासाठी येत होती. प्रेमिलानं हृदयाचं दुखणं धरून औषधं चालू ठेवली होती. मंडळाच्या मासिक बैठकीत तिनं कांताबाईला आणून ही केस सगळ्यांपुढं मांडली. पाहुणा म्हणून आलेल्या चंद्रभाननं परवानगी मागितली, बाईला बसवलं, आणि बरगडी छातीच्या हाडाला जिथं मिळते तिथं बोटानं हलकेच दाबलं. बाई किंचाळली, “हेच! हेच दुखते जी माह्यं!” तो म्हणाला, “मॅडम, मला वाटतं हृदय ठीक असावं. सांध्याला सूज आहे.” त्याचं खरं निघालं. दीड महिन्यानं कांताबाई संत्र्यांच्या टोपल्या उचलू लागली. प्रेमिलानं सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले होते, हसतमुखानं. घरी जाऊन मात्र तिला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पडद्यामागे ते कुसळ सललं. तिनं हिशेब केला. गिरिधररावांची पांढरी, अध्यक्षांची पांढरी, बाकी सगळे माना हलवणारे. चंपतरावांची एक काळी पडणारच. आणखी एक पडली तरी नऊ उरतात. तो तर निवडून येणारच आहे. आपल्या एका काळीनं त्याचं काही बिघडत नाही, आपल्याला मात्र जरा बरं वाटेल. पुरते दोन क्षणही लागले नाहीत. टक आणि टक.

देवाजी शिपायानं दोन्ही पेट्या टेबलावर आणून ठेवल्या. प्रेमिलानं झाकणावरचं ‘मत’ वाचलं, झाकण काढलं आणि पेटी ताटात पालथी केली.

ताट काळं झालं.

तिला आधी वाटलं, आपण चुकीची पेटी उघडली. तिनं हातातलं झाकण पुन्हा पाहिलं. ‘मत’. सकाळी तिनंच निळ्या शाईनं लिहिलेलं, डिंक अजून कडेला ओलसर. तिनं बोटानं सोंगट्या वेगळ्या केल्या. काळी, काळी, काळी. एक पांढरी. बाकी पुन्हा काळ्या. दहा काळ्या, एक पांढरी. तिनं दुसरी पेटी उघडून ओतली. दहा पांढऱ्या, एक काळी. गणित चोख जुळत होतं.

वर पंखा तेवढा फिरत होता. गिरिधररावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मधुकरराव टेबलाच्या कडेकडे बघत होते. प्रेमिलाला एकदम उमगलं. सूचकानं काळी टाकली होती. अनुमोदकानं काळी टाकली होती. ‘आपली नामुष्की’ म्हणणाऱ्या माणसानं पडद्यामागे जाऊन काळी टाकली होती. आणि प्रत्येकानं बहुधा तेच धरलं होतं, जे तिनं धरलं: बाकीचे घेतीलच, माझ्या एकाच्या काळीनं काय होतं? दहाही जणांचा हिशेब एकच निघाला. त्या दहांत ती होती.

“काय निकाल, ढोबळे मॅडम?” मधुकररावांनी विचारलं.

“दहा काळ्या,” ती म्हणाली. “एक पांढरी.”

“छे!” गिरिधरराव ताडकन म्हणाले. “असं कसं होईल? मी पांढरी टाकली आहे. सूचक आहे मी!”

“मी पण पांढरीच,” मधुकरराव म्हणाले.

मग टेबलाभोवती एकेक तोंड उघडू लागलं. मी पांढरी. मीही पांढरी. अहो, प्रश्नच नाही, पांढरी. प्रेमिला एकेका चेहऱ्याकडं बघत राहिली. दहा वर्षं ज्यांच्यासोबत बसून रोग्यांचे कागद वाचले, ज्यांना राखी बांधली, ज्यांच्या पोरांची नावं पाठ आहेत, ती माणसं एकामागून एक धादांत खोटं बोलत होती. आणि प्रत्येकाला माहीत होतं की शेजारचाही खोटंच बोलतोय.

“झाकणं बदलली असणार,” गिरिधरराव म्हणाले. टेबलावर दोन उघड्या पेट्या होत्या आणि शेजारी दोन सुटी झाकणं पडली होती. “दहा पांढऱ्या, एक काळी, हा खरा निकाल. मॅडम, गडबडीत झाकणं इकडची तिकडं झाली.”

“बरोबर!” दोघं-तिघं एकदम म्हणाले. खोलीतला कोंडलेला श्वास सुटल्यासारखा झाला.

“झाकणं बदलली नाहीत,” प्रेमिला म्हणाली. “मी वाचूनच उघडलं.”

“मग त्या दहा काळ्या कोणाच्या? इथं तर सगळे पांढरी म्हणताहेत.”

प्रेमिला उभी राहिली. तिला वाटलं, एकानं तोंड उघडलं तर दुसरा उघडेल. लाज अशीच फुटते, बांधासारखी, एका जागी फुटली की मग थांबत नाही. ती म्हणाली, “एक काळी माझी आहे. मी काळी टाकली.”

तिनं वाट पाहिली. कोणीतरी आता मान खाली घालेल. कोणीतरी म्हणेल, माझीही.

मधुकररावांनी टेबलावर थाप मारली. “बघा! सुटलं कोडं. एक काळी, ती मॅडमची. म्हणजे दहा पांढऱ्या आमच्या. म्हणजे झाकणंच बदलली होती!” आणि त्यांनी टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली. “मॅडम, तुम्ही कबूल केलंत, हे मोठेपण आहे. प्रत्येकाला आपलं मत असू शकतं. इतिवृत्तात लिहा, डॉक्टर रामटेके दहा विरुद्ध एक मतांनी सभासद झाले.”

सांगितलेल्या खऱ्याचा असा उपयोग होऊ शकतो हे प्रेमिलाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पुन्हा ‘नाही’ म्हणावं तर चंद्रभान तीन वर्षं बाहेर. गप्प बसावं तर तो आत, आणि काळी टाकणाऱ्या आपण एकट्याच. तिनं पेन उचललं. तिनं लिहिलं: दहा विरुद्ध एक.

टाळ्यांमध्ये एकच माणूस हात बांधून बसला होता. चंपतराव.

सगळे चहाला उठले तेव्हा ते तिला बाहेर पायरीवर भेटले. हळूहळू एकेक पायरी उतरत होते, गुडघे दुखायचे त्यांचे.

“झाकणं बदलली नव्हती,” प्रेमिला म्हणाली. “काकाजी, मी सांगते तुमाले, नव्हती बदलली.”

“मले माहीत आहे.”

“कसं?”

“अवं, एकच पांढरी होती ना? ते माही.”

ती बघतच राहिली. “तुमी? तुमीच तर विरोधात बोलले!”

“बोललो. मले शंका होती तं तोंडावर बोललो. मंग आत गेलो, त्याचे कागद आठवले. पोरगं शिकलेलं आहे. कांताबाईच्या छातीले त्यानं हात लावला तवा मी तिथंच होतो. माह्या चाळीस वर्षांच्या डाक्टरकीत असा हात म्या दोनदाच पाहिला. टाकली पांढरी.” ते थांबले, कठड्याला टेकले. “पन तू काहून वं टाकली काळी? त्याच्या वह्या वाचून पास झाली म्हन तू.”

“आत तुमी काहून नाही बोलले?” प्रेमिलानं उलट विचारलं. “तुमी बोलले असते तं...”

“तं काय? पोरगं बाहेर राह्यलं असतं. नऊ जनं खोटं बोलून त्याले आत घेऊन राहिले तं मी खरं बोलून बाहेर काढू?” त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. “तुह्यं कठीन झालं मात्र.”

पत्र टपालानं पाठवता आलं असतं. पण सोमवारी दुपारी प्रेमिला ते घेऊन स्वतःच रिक्षानं इंदोऱ्याला गेली. दवाखान्यालाच लागून घर होतं. चंद्रभान जेवून नुकताच उठला होता. त्याच्या आईनं, जयवंताबाईंनी, तिला आत बसवलं, चहा टाकला, बशीत चिवडा दिला. बातमी गिरिधररावांनी फोन करून आधीच कळवली होती.

“दहा पांढऱ्या, मॅडम!” चंद्रभान म्हणाला. एरवी मोजूनमापून बोलणारा माणूस, पण त्याचा चेहरा उजळला होता. “खरं सांगू, मला धक्काच बसला. मी चार काळ्या धरून चाललो होतो. म्हटलं पडलोच आपण. दहा! बक्षी साहेब म्हणाले तेव्हा मी दोनदा विचारलं.”

“रातभर झोपला नाही हा,” जयवंताबाई म्हणाल्या. “मले म्हने, माय, नागपूरचे दहा मोठे डाक्टर हो म्हनले मले. याचा बाप असाले पायजे होता.”

प्रेमिलानं हातातला कप खाली ठेवला. इथं येताना तिनं ठरवलं होतं, सगळं सांगायचं. पेट्या, झाकणं, टाळ्या. आता त्या दोन चेहऱ्यांकडं बघून तिला कळलं की त्यातलं अर्धंच सांगता येईल. आपल्या वाट्याचं तेवढं.

“ती एक काळी माझी होती,” ती म्हणाली.

चंद्रभानला आधी ऐकू आलंच नसावं. तो तसाच हसतमुख बघत होता. मग हसू हळूहळू विरलं.

“तुमची?”

“हो.”

मग त्यानं विचारलं. अमेरिकेत अकरा वर्षं राहिलेला, मंडळात पुस्तकी मराठी बोलणारा तो माणूस एकदम लहानपणच्या बोलीत आला. “काहून?”

तिनं कांताबाईची गोष्ट सांगितली. सगळ्यांसमोर चूक निघाल्याचा सल सांगितला. तू येणारच होतास असं धरून चालले होते, हेही सांगितलं. सांगताना तिलाच ते किती पोकळ लागत होतं.

“तेवढंच?” त्यानं विचारलं.

ती हो म्हणाली असती तर विषय तिथंच संपला असता. जयवंताबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

“नाही,” प्रेमिला म्हणाली. “तेवढंच नाही. माझी चूक दुसऱ्या कोणी काढली असती, बक्षींनी, पिंपळापुरे सरांनी, तर एवढी लागली नसती. तू काढलीस म्हणून लागली. हे मला काल रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे, मी माहीत करून घेतलं नव्हतं.”

जयवंताबाई पुढं आल्या. त्यांनी प्रेमिलासमोरचा कप उचलला, अर्धा भरलेला, बशी उचलली आणि आत निघून गेल्या. आतून भांडी ठेवल्याचा आवाज आला. त्या परत बाहेर आल्या नाहीत.

चंद्रभाननं मंडळाचं पत्र वाचलं, घडी घातली, आणि खिशातला पेन काढून पोचपावतीवर सही केली. तारीख घातली. “धन्यवाद,” तो म्हणाला. दारापर्यंत आला. पुन्हा या, असं म्हणाला नाही.

त्यानंतर जे झालं ते प्रेमिलाच्या कल्पनेत बसणारं नव्हतं. ती वाट बघत होती की चंपतराव आणि ती स्वतः सोडून बाकीचे नऊ जण चंद्रभानला आत घेऊन बाजूला बसवतील. झालं उलटंच. आपण पांढरी टाकली असं सगळ्यांपुढं बोलून बसलेले लोक त्या बोलण्याला जागू लागले. मधुकररावांनी आपले पाठदुखीचे रोगी इंदोऱ्याला धाडायला सुरुवात केली. गिरिधरराव भेटेल त्याला सांगायचे, “मीच सूचक होतो.” पहिलं वर्ष ते सोंग असावं. तिसऱ्या वर्षी मधुकररावांच्या स्वतःच्या मुलाला अठरा दिवस ताप उतरेना, तेव्हा त्यांनी चंद्रभानलाच बोलावलं, आणि ते सोंग नव्हतं. पडद्यामागे आपण खरं काय केलं होतं हे कदाचित ते विसरलेही असतील. माणसं सोयीचं तेवढं लक्षात ठेवतात.

प्रेमिलानं चिटणीसपद त्याच महिन्यात सोडलं. चंद्रभान तिच्याशी कामापुरतं बोलायचा, तिच्याकडचा रोगी आला तर व्यवस्थित पत्र पाठवायचा, अक्षर तेच वळणदार. तिनं काही विचारलं तर पूर्ण उत्तर द्यायचा. त्यापलीकडं काही नाही. चंपतराव ऐंशी साली गेले. जाण्याआधी ती भेटायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, “सांगितलं काय त्याले, बाकीच्या काळ्यांचं?” ती नाही म्हणाली. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. ते बरं केलंस म्हणत होते की वाईट, ते तिला कळलं नाही.

चौऱ्याऐंशी साली डॉक्टर चंद्रभान रामटेके मंडळाचे अध्यक्ष झाले. हॉल गच्च भरला होता. जयवंताबाई पहिल्या रांगेत पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या. भाषणात तो म्हणाला, “सहा वर्षांपूर्वी मी या दारात उभा होतो तेव्हा अकरापैकी दहा जणांनी मला आत घेतलं. नागपूरचं हे ऋण मी कधी विसरणार नाही.” मधुकररावांनी मान लववली. गिरिधररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमिला तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनंही सगळ्यांसोबत टाळ्या वाजवल्या.

शेजारी नव्यानंच सभासद झालेली एक तरुण डॉक्टर बसली होती. तिनं वाकून हळूच विचारलं, “मॅडम, मग ते अकरावं मत कोणाचं होतं?”

“माझं,” प्रेमिला म्हणाली.